भादव्यातली ये-जा

भाद्रपदात कर्जत-खालापुरातली हळवी भाते निसवू लागतात, तोवर पक्ष्यांचे स्थलांतर सुरू झालेले असते. आधी लक्षात येतो करडा धोबी. हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला वीण आटोपून तो सप्टेंबरमध्ये कोकणात उतरतो. पाठ राखी, पोटाकडे पिवळा आणि लांब शेपटी सतत खाली-वर. ओहोळातल्या या दगडावरून त्या दगडावर जात तो पाण्याकडेचे किडे टिपतो. उल्हास आणि पाताळगंगेच्या काठी तो हमखास शोधावा. भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजगृहांतून सुटणारे पाणी मिळत असल्याने या नद्या पावसाळ्यानंतरही वाहत्या राहतात. पांढऱ्या भुवईचा काळा-पांढरा धोबी मात्र इथला बारमाही रहिवासी. नवख्यांची गल्लत इथेच होते.

धोबी येत असतानाच चातक निघण्याच्या तयारीत असतो. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते. सप्टेंबरमध्ये झुडपात कलकलाट ऐकू आला तर थांबून पाहावे: सातभाई आपल्याहून वेगळ्याच दिसणाऱ्या, शेपटी लांबलेल्या पिल्लाच्या चोचीत अळी भरवताना दिसू शकतात. सातभाई जन्मभर त्याच परिसरात राहतात, म्हणजे वाट दाखवायला पिल्लाला कोणी नसते. तरीही ते प्रवासाला निघते. दिशेची जाण त्याला उपजतच असते. स्थलांतरातली याहून थक्क करणारी गोष्ट सांगणे कठीण.

फुलपाखरांसाठी ऊन तापू द्यावे. सुकत चाललेल्या खुळखुळ्याच्या झाडावर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो घोळक्याने बसतात. त्यात बहुतेक नर असतात; मादीला भुलवणारा गंध तयार करायला लागणारी द्रव्ये ते त्या झाडातून शोषतात. ही फुलपाखरे दक्षिण भारतात पूर्व आणि पश्चिम घाटांदरम्यान मोठ्या संख्येने ये-जा करतात. मात्र घोळका दिसला म्हणजे स्थलांतरच, असे नाही. फुलांकडे न वळता बरीच फुलपाखरे एकाच दिशेने जात असतील, तरच तशी नोंद करावी.

खाचरांवर संध्याकाळी घिरट्या घालणारे पिवळसर चतुर याहून दूरचे प्रवासी. ते पावसाच्या साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतात आणि पाणी आटण्याआधी त्यांची पिल्ले पंख फुटून बाहेर पडतात. हेच चतुर ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये झुंडीने दिसतात, जिथे वाढायला गोडे पाणी जवळपास नाहीच. त्यावरून चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडले की ते भारतातून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात.