नवी मुंबईच्या घरबागेतील शोभेची गवते

शोभेची गवते म्हणजे पानांचा रंग, झुबक्याचा घेर किंवा फुलोऱ्याचे तुरे यांसाठी बागेत लावली जाणारी गवते. यांपैकी बहुतेक तृणकुलातील असली, तरी रोपवाटिकांत याच नावाखाली लव्हाळ्याच्या कुलातील व नुसत्याच गवतासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीही विकल्या जातात. नवी मुंबईत त्यांची लागवड मुख्यतः सदनिकांच्या बाल्कनीत आणि गच्चीवर कुंड्यांमध्ये होते. जमिनीत लावण्याची सोय बैठ्या घरांच्या वसाहतींत, उदाहरणार्थ वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात रचलेल्या बेलापूरच्या ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’मध्ये, मिळते. या शहरात गवत निवडताना दिसण्यापेक्षा ऋतुमानाचा विचार आधी करावा लागतो.

ऋतुमान

शोभेच्या गवतांचा आधुनिक प्रसार युरोपातून झाला. जर्मन उद्यानतज्ज्ञ कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) यांनी पॉट्सडॅमजवळील बोर्निम येथील आपल्या रोपवाटिकेतून बागेत गवते लावण्याचा आग्रहाने पुरस्कार केला. त्यांचे नाव मिळालेले कॅलामॅग्रॉस्टिस गवत आजही थंड प्रदेशांतील बागांत सर्वत्र दिसते. या परंपरेतील पुस्तके हिवाळा हा गवताच्या विश्रांतीचा काळ धरून चालतात. शरदात तुरे येतात, ते वाळलेल्या स्थितीत हिमातही उभे राहतात, आणि वसंताच्या तोंडावर सारे झुबके छाटले जातात.

नवी मुंबईत हे वेळापत्रक लागू पडत नाही. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. हिमाचा प्रश्नच नाही. गवताच्या विश्रांतीचा काळ म्हणजे पाण्याच्या टंचाईचा काळ, अर्थात मार्च ते मे. खरी कसोटी मात्र पावसाळ्यात लागते. या काळात मुळाशी सतत ओल राहते, हवा दमट असते आणि आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. सणसणीत उन्हात ताठ उभी असलेली गवते जुलैच्या अंधुक प्रकाशात लांबट, मऊ वाढतात आणि भातपीक लोळावे तशी कुंडीबाहेर लोळतात.

थंड हवामानातील अनेक गवते या दमट उष्म्यात तग धरत नाहीत. निळसर पानांचे फेस्क्यू हे त्याचे ठळक उदाहरण होय. ऑनलाइन रोपविक्रीत त्याचे छायाचित्र मोहक दिसत असले, तरी कोकणपट्टीच्या पहिल्याच पावसाळ्यात ते बुंध्यापासून कुजण्याचा धोका मोठा असतो. याउलट उष्ण प्रदेशांतील बरीच गवते सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. प्रखर ऊन आणि उष्णता असताना ही पद्धत पाण्याचा काटकसरीने वापर करते. गवती चहा, वाळा, ऊस आणि ज्वारी ही सर्व या गटातील आहेत. नवी मुंबईतील निवड या गटापासून सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

निवड

गवती चहा (सिम्बोपोगॉन सिट्रॅटस) स्वयंपाकघराशी इतका जोडलेला आहे की त्याला शोभेचे गवत मानण्याचे कोणाला सुचत नाही. प्रत्यक्षात रुंद कुंडीतील त्याचा कारंज्यासारखा झुबका कोणत्याही विकतच्या परदेशी गवताच्या तोडीचा दिसतो. तो क्वचितच फुलतो. ठोंब वेगळे करून त्याची अभिवृद्धी करतात. पानांच्या कडा धारदार असल्याने लहान मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर तो ठेवू नये. पावसाळ्यात पानांवर तांबेरा दिसल्यास रोगट पाने कापून झुबका मोकळा करावा.

वाळा (क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस) हे या शहरासाठी कदाचित सर्वांत योग्य गवत आहे. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात आणि मोकळ्या जमिनीत दोन-तीन मीटर खोली गाठतात. म्हणूनच उतारावरील माती धरून ठेवण्यासाठी त्याच्या ओळी लावतात. जागतिक बँकेने १९८० च्या दशकात या उपयोगाचा प्रसार भारतातून सुरू केला. काही काळ पाणी तुंबणे आणि मातीतील मध्यम खारेपणा हे दोन्ही वाळा सोसतो. वाशीसारख्या, खाडीलगत भराव टाकून तयार केलेल्या भागांत या गुणाला महत्त्व आहे. कुंडी मात्र खोल हवी, आणि जुना पिंप सर्वांत उत्तम. दीड वर्षाने पिंप आडवा करून मुळे काढली की माठातील पाण्याला सुगंध देण्यापुरती जुडी घरचीच मिळते. उरलेले ठोंब पुन्हा लावता येतात.

जांभळ्या पानांचे फाउंटन गवत महाराष्ट्रातील रोपवाटिकांत सहज मिळते. त्याला दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. उत्तरेकडे उघडणाऱ्या बाल्कनीत त्याचा रंग उतरून ते हिरवट होते. कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे पावसात भिजून मलूल होतात, पण पाऊस ओसरल्यावर नव्याने येतात.

सह्याद्रीतील ओलसर कातळांवर आणि घाटरस्त्यांच्या कापलेल्या दरडींवर वाढणारे पोगोनॅथरम हे नाजूक, बांबूसारखे दिसणारे गवत युरोपात घरातील कुंड्यांसाठी विकले जाते. आपल्याकडे मात्र त्याची फारशी दखल घेतली जात नाही, ही खेदाची बाब होय. अर्धवट सावली व सततची ओल असलेल्या कोपऱ्यात ते शोभते. निसर्गातून उपटून आणण्याऐवजी थोडे बी गोळा करून रोपे करावीत.

दूर्वांची कुंडी गणेशपूजेसाठी अनेक घरांत असतेच. तीच टांगत्या कुंडीत लावल्यास वेली कडेवरून सुंदर ओघळतात.

गवतासारख्या वनस्पती

रोपवाटिकेत ‘अंब्रेला पाम’ म्हणून मिळणारी वनस्पती ताड नव्हे आणि गवतही नव्हे. ती लव्हाळ्याच्या, म्हणजे नागरमोथ्याच्या कुलातील आहे आणि पाण्यात उभी राहूनही वाढते. ‘मोंडो ग्रास’ शतावरीच्या कुलातील असून सावलीत टिकते. कांड्यांवर पेरे आणि पोकळ गोल खोड ही बहुतांश गवतांची खूण, तर अनेक लव्हाळ्यांचे खोड भरीव आणि तीन धारांचे असते. बोटांत फिरवून पाहिले की फरक कळतो.

टाळण्याजोगी गवते

पांपास गवताचे वाळलेले तुरे घरसजावटीत लोकप्रिय झाल्यापासून त्याच्या रोपांनाही मागणी आहे. हे दक्षिण अमेरिकेतील गवत दोन-तीन मीटर उंच होते, पाने कापतात आणि ते बाल्कनीत मावत नाही. कॅलिफोर्निया व न्यूझीलंड येथे ते उपद्रवी ठरले आहे. हिरव्या पानांचे, भरपूर बी धरणारे फाउंटन गवतही हवाईत आक्रमक झाले असून युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याचा आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत समावेश केला. जांभळे वाण सहसा बी धरत नाही, म्हणून खरेदी करताना पानांचा रंग पाहणे महत्त्वाचे. नवी मुंबईच्या अनेक इमारतींपासून पारसिकच्या टेकड्या किंवा खाडीकाठ जवळच आहे. बाल्कनीतून उडालेले हलके बी तेथे सहज पोहोचते.

देशी असणे ही काही निर्धोकतेची हमी नव्हे. काश (सॅकॅरम स्पॉन्टेनियम) शरदात पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांनी फुलतो आणि ‘ऋतुसंहारा’तील शरदवर्णनात कालिदासानेही त्याला स्थान दिले आहे. तरी अंगणात तो भूमिगत खोडांनी झपाट्याने पसरतो. कुसळी गवताचे काटेरी बी कपड्यांत व कुत्र्यांच्या केसांत रुतते.

लागवड आणि निगा

नवी रोपे लावण्यास वा ठोंब वेगळे करण्यास पहिल्या दमदार पावसानंतरचे दिवस योग्य असतात. कुंडीसाठी लाल माती, जाड रेती, कोकोपीट आणि कुजलेले शेणखत यांचे भुसभुशीत मिश्रण घ्यावे. नुसती लाल माती दबते व जड होते. २५ लिटरच्या कुंडीत भिजल्यावर तिचे वजन ४० किलोग्रॅमच्या आसपास जाते, हे बाल्कनीच्या कठड्यावर कुंडी ठेवण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. खत बेतानेच द्यावे. नत्र जास्त झाले की गवत आणखी लोळते. लोळलेला झुबका सुतळीने सैलसर बांधावा.

पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवाव्यात. त्यामुळे मुळे कुजत नाहीत आणि साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होत नाही. ऑक्टोबरपासून पाणी नियमित द्यावे लागते, तर मे महिन्यात लहान कुंड्यांना रोज.

मुख्य छाटणी मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, जमिनीपासून १०–१५ सेंटिमीटर ठेवून करावी. वाळलेली पाने तोपर्यंत बुंध्याला सावली देतात. अपवाद दिवाळीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळू लागलेले तुरे एका ठिणगीनेही पेट घेऊ शकतात. रस्त्याच्या बाजूच्या बाल्कनीतील वाळके तुरे व पाने फटाके सुरू होण्याआधीच काढावीत, आणि पणत्या त्या कुंड्यांपासून दूर मांडाव्यात.