डार्करूम ते सर्व्हर

फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी फरीदाबाद वसवलं आणि १९५१ साली तिथं बादशाह खान रुग्णालय सुरू झालं. पुढची कित्येक दशकं तिथंही आणि देशभरही एक्स-रे विभागाची सगळी भिस्त डार्करूमवर होती. तांबड्या दिव्यात कॅसेट उघडायची, फिल्म हँगरला लावून डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग पाणी, मग फिक्सर. उत्तरेतल्या उन्हाळ्यात डेव्हलपर तापला की फिल्म काळवंडायची आणि पेशंटला पुन्हा मशीनसमोर उभं राहावं लागायचं.

फुजी कंपनीने १९८०च्या दशकात फिल्मऐवजी डिजिटल प्लेट आणली. १९९३मध्ये वैद्यकीय प्रतिमांसाठी डायकॉम हे मानक ठरलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. डार्करूमच्या खोल्या रिकाम्या झाल्या, रिपोर्ट लवकर मिळू लागले. सगळे कौतुक करतात ते या वेगाचं. मला मात्र जुनी प्रतिमा हाताशी राहणं जास्त मोलाचं वाटतं.

का, ते फरीदाबाद परिसरातल्या दगडफोडीच्या धंद्यात दिसतं. १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, सूरजकुंड, बडखल, बल्लभगड भागातले स्टोन क्रशर बंद करून फरीदाबादच्या पाली गावाजवळ हलवायला लावले. या धंद्यातल्या मजुरांना दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. छातीतले ठिपके वाढले की तेवढेच आहेत, हे जुन्या एक्स-रेशी ताडूनच कळतं. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न, ‘पुराना एक्स-रे लाए हो?’ आणि पिशवीतून निघायची गुंडाळलेली, ओरखडलेली फिल्म. पॅक्समध्ये, म्हणजे प्रतिमा साठवणाऱ्या रुग्णालयाच्या संगणक-यंत्रणेत, तीच प्रतिमा शेजारी उघडून लगेच ताडता येते.

तोटेही आहेत. फिल्मवर किरणांचा मारा जास्त झाला की ती काळी पडून चुगली करायची. डिजिटल यंत्र ते झाकून चित्र छानच दाखवतं, म्हणून डोसवर वेगळी नजर ठेवावी लागते. शिवाय सगळं सर्व्हरवर. २३ नोव्हेंबर २०२२ला शेजारच्या दिल्लीत एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस कारभार कागदावर आला. 

शिवाय प्रतिमा राहते ती त्या-त्या रुग्णालयाच्या पॅक्समध्ये. कंत्राट संपलं की मजूर दुसऱ्या गावी जातो आणि सोबत नेतो तो मोबाइलवरचा फोटो. त्यात बारीक ठिपके हरवतात. तेव्हा कुठेही तपासणी केलीत, तर छापील फिल्मवर समाधान मानू नका. डायकॉम फाइल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, आणि जपून ठेवा.