मत्स्यटाकीचे शीतयंत्र आणि विजेचा खर्च

शोभेच्या सागरी माशांचे संगोपन करणाऱ्यास चैत्र-वैशाखात दोन चिंता एकदमच घेरतात. पाणी तापले की मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. आणि पाणी थंड राखू गेल्यास विजेचे बिल धंद्याचा नफा गिळते. विदूषक माशाला २५ ते २८ अंश सेल्सियस उष्णतामान मानवते. पाणी त्याहून तापले की त्यात विरघळून राहणारा प्राणवायू घटतो आणि माशाची प्राणवायूची गरज नेमकी त्याच वेळी वाढते.

शीतयंत्र विकत घेताना बहुतेक जण त्याच्या पट्टीवरील वॉटचा आकडा पाहतात व लहान आकडा म्हणजे लहान बिल, असे धरून चालतात. हा समज फसवा आहे. यंत्र पाण्यातून किती उष्णता बाहेर काढते आणि त्यासाठी किती तास चालते, यावर खर्च ठरतो.

टाकीची गरज मोजण्यास महागडे साधन लागत नाही. दुपारी शीतयंत्र बंद करून पाण्याचे उष्णतामान टिपावे आणि दोन तासांनी पुन्हा पाहावे. ५०० लिटर पाणी एका अंशाने तापण्यास सुमारे ०.५८ युनिट उष्णता लागते. समजा, दोन तासांत पाणी ०.८ अंश चढले. म्हणजे दर तासास सुमारे ०.२३ युनिट उष्णता टाकीत शिरत आहे. हाच वेग रात्रीही टिकला असे धरल्यास दिवसाकाठी ती साडेपाच युनिटांच्या घरात जाते. रात्री ती कमी असते; तेव्हा हा हिशेब हात राखूनच केलेला आहे.

कॉम्प्रेसरचे यंत्र एक युनिट वीज घेऊन साधारण दोन ते अडीच युनिट उष्णता बाहेर टाकते. पेल्टियर पद्धतीचे यंत्र आकाराने लहान व आवाजाने मंद असते. ज्या तत्त्वावर ते चालते त्याचा शोध १८३४ साली लागला. परंतु एका युनिट विजेत अर्धे युनिट उष्णता काढणे हीच पुष्कळदा त्याची मजल. वरील टाकीस १५० वॉटचे असे यंत्र लावल्यास ते अहोरात्र चालून ३.६ युनिट वीज खाईल आणि तरीही पाणी चढतच राहील. कारण ते तासास केवळ ०.०७५ युनिट उष्णता काढते. २५० वॉटचे कॉम्प्रेसर यंत्र सुमारे नऊ ते अकरा तासांत काम उरकून थांबेल व सव्वादोन ते पावणेतीन युनिटांत भागेल. लहानशा पेटीपुरते पेल्टियर चालेल. मोठ्या टाकीस ते घेऊ नये.

पंख्याचा मार्ग या दोहोंहून स्वस्त आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता निघून जाते आणि २० वॉटचा पंखा दिवसभर चालूनही अर्धेच युनिट खातो. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम काम देतो. कोकणातील दमट हवेत मात्र निराशा करतो. उष्णतामापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून तो पंख्यासमोर धरावा. तो जेथे स्थिरावतो त्याखाली पंख्याने पाणी उतरत नाही. उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच घालावी, कारण मीठ टाकीतच राहते आणि खाऱ्या पाण्याची भर घातल्यास क्षारता वाढत जाते.

यंत्र कोंदट खोलीत ठेवणे ही नेहमी आढळणारी चूक होय. पाण्यातून काढलेली उष्णता, तिच्यात यंत्राने घेतलेल्या विजेची भर पडून, त्याच खोलीत फेकली जाते व काचेतून पुन्हा टाकीत शिरते. यंत्राच्या मागील जाळीवर धूळ साचली की तेच यंत्र अधिक तास चालू लागते. पाण्यात बुडालेला पंपही सर्व वीज अखेरीस उष्णता करून पाण्यातच सोडतो. ४० वॉटचा असा पंप दिवसास जवळजवळ एक युनिट उष्णता आत घालतो. तेव्हा मोठे यंत्र घेण्यापूर्वी पंप बेताचा निवडावा, टाकीच्या तीन बाजूंस थर्मोकोल लावावा, दुपारचे ऊन अडवावे आणि दोन तासांची ती मोजणी पुन्हा करावी.