दोन विमाने, दोन स्वभाव

बोईंग ७७७ आणि एअरबस ए-३३० ही दोन्ही दूरच्या पल्ल्याची, दोन इंजिनांची मोठी विमाने. दोहोंतही वैमानिकाची आज्ञा विद्युततारांवरून संगणकामार्फत पंखांपर्यंत पोहोचते. प्रवाशाला आसनावर बसून त्यांतील भेद क्वचितच कळतो. वैमानिकाला मात्र तो हात ठेवताच कळतो.

बोईंगमध्ये दोन्ही वैमानिकांसमोर मोठा दांडा असतो व ते दोन्ही दांडे परस्परांशी जोडलेले असतात. एकाने ओढला की दुसऱ्याचाही हलतो. विमान ३५ अंशांपलीकडे कलू लागले, तर चाक जड होते. तरी वैमानिकाने जोर लावला तर ते ऐकते. एअरबसमध्ये कडेला छोटी मूठ असते. ती सोडली तरी विमान धरलेली वाट सोडत नाही, आणि नेहमीच्या स्थितीत ६७ अंशांपलीकडे ते कलतच नाही. हाताला ते अतिशय हलके वाटते. पण एकाची मूठ हलली तरी दुसऱ्याची स्थिर राहते.

या सोयीची दुसरी बाजू १ जून २००९ रोजी दिसली. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-३३० विमानाच्या वेगमापक नळ्या बर्फाने बुजल्या, स्वयंचालन सुटले आणि संगणकाचे नेहमीचे संरक्षणही उरले नाही. एका वैमानिकाने मूठ मागे ओढून धरली. शेजारच्याच्या हाताला ते जाणवले नाही. साडेचार मिनिटांच्या आत विमान अटलांटिक महासागरात कोसळले. २२८ जण गेले.

म्हणून बोईंगच श्रेष्ठ, असा निर्णय करावा काय? ६ जुलै २०१३ रोजी एशियाना कंपनीचे ७७७ विमान सॅन फ्रान्सिस्कोच्या धावपट्टीआधीच्या बांधावर आदळले. ३०७ जणांपैकी तिघांचा मृत्यू झाला. विमान चालवणारा वैमानिक एअरबस ए-३२० चा अनुभवी कप्तान होता; ७७७ तो नव्याने शिकत होता. स्वयंचलित यंत्रणा वेग सांभाळील, असा त्याचा समज होता. त्या क्षणी ती यंत्रणा वेग सांभाळीत नव्हती.

धान्याच्या बाजारात मुरलेला व्यापारी सराफीच्या पेढीवर बसला, तर त्यालाही काही काळ पुन्हा उमेदवारी करावी लागते. वैमानिकाचे तेच. हजारो तासांचा अनुभव गाठीशी असला, तरी वेगळ्या जातीच्या विमानासाठी त्याला पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते. तेथे नवे शिकण्याइतकेच जुन्या सवयीला आवर घालणेही कठीण असते.

वस्तू अनेकधर्मी असते, असे अनेकान्त सांगतो. एका अंगाने पाहून तिच्याविषयी अंतिम निर्णय देऊ नये. दोन्ही विमाने जाणणाऱ्या वैमानिकाला कोणते चांगले असे विचारले, तर तो सहसा एकाच शब्दात उत्तर देत नाही. विमान काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आधी ओळखावे लागते. कारण त्याच्या पाठीमागे शेकडो जीव निश्चिंत बसलेले असतात.