अंतर मोजायचे कशाने?

धायरीहून भामरागड किती लांब? दोन्ही ठिकाणे एकाच राज्यातली. धायरी २०१७ साली पुणे महापालिकेत आली. भामरागड हे गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाचे, छत्तीसगडला लागून असलेले तालुक्याचे गाव.

नकाशावरचे उत्तर घरबसल्या काढता येते. दोन्ही गावांत सुमारे एक अंश अक्षांशाचा आणि पावणेसात अंश रेखांशाचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश ध्रुवाकडे आखूड होत जातो. आपल्या पट्ट्यात तो १०५ किलोमीटरच्या आसपास भरतो. दोन्हींचा कर्ण काढला की सरळ अंतर येते साधारण ७२० किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगाने, कागदावर, तासाभराची वाट.

पण विमान भामरागडला जात नाही. ते लोहगावहून नागपूरला जाते. हे हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर. आठशेच्या वेगाने पाऊण तास पुरावा. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास दिसतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि पुन्हा थांब्यापर्यंतची चाल धरलेली असते.

शिवाय नागपूर भामरागडच्या बरेच उत्तरेला. तिथून पुन्हा दक्षिणेकडे वळायचे : गडचिरोली, आष्टी, आलापल्ली आणि पुढे जंगलातला रस्ता. हे साडेतीनशे किलोमीटर चांगल्या दिवसांतही सात-आठ तास घेतात. धायरीहून लोहगाव गाठणे आणि विमानतळावरची प्रतीक्षा मिळवली, तर बारा-तेरा तास होतात. त्यातला विमानाचा वाटा जेमतेम आठवा.

याचा अर्थ सरळ आहे. विमानाचा वेग दुप्पट केला तरी पाऊण तासही वाचणार नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले, तर मात्र हिशेब दिवसांत करावा लागतो. प्रवासाचा वेळ सर्वांत संथ टप्पा ठरवतो, सर्वांत वेगवान नव्हे.

आपल्या जुन्या भाषेला हे ठाऊक होते. 'मजल' म्हणजे एका दिवसात होणारी वाटचाल. घाटात ती आखूड, मैदानात लांब. त्या मापात वाटेची अवस्था आपोआप धरली जाई. किलोमीटरने अचूकता दिली, पण चिखल, पूर आणि चढ हिशेबातून वगळले.

सोयींचे नियोजन करताना हा फरक जिवावर बेततो. आरोग्य केंद्र अमुक किलोमीटरवर आहे, असे कागद सांगतो; बाळंतिणीला तिथे पोहोचायला जुलैत किती तास लागतात, हे सांगत नाही. १९७३ साली बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, त्याचे महत्त्व याच मापाने कळते : रोग्याने दवाखाना गाठण्याऐवजी दवाखानाच रोग्याच्या मजलेत आला.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की दुर्गम गावाच्या नोंदीत किलोमीटरशेजारी तासांचे दोन रकाने असावेत : एक उन्हाळ्याचा, एक पावसाळ्याचा. आणि ते तास शहरातून निघून नव्हे, गावातून निघून मोजलेले असावेत.