शरीराचा जमाखर्च

सुशिक्षित कुटुंबांत जमाखर्चाची वही ठेवण्याची चाल जुनी आहे. वाण्याचे देणे, दुधाचा रतीब, मुलांच्या शाळेचा खर्च, सणावाराचे आहेर, सर्वांची नोंद होते, आणि महिनाअखेर मेळ बसला नाही तर गृहस्थास झोप लागत नाही. परंतु ज्या देहाच्या जोरावर हा सारा प्रपंच चालतो, त्या देहाचा जमाखर्च आपण क्वचितच मांडतो. त्यात रोज जमा किती होते, खर्ची किती पडते आणि शिल्लक कोठे साठत जाते, याची विचारपूस बहुधा डॉक्टरांनी तपासणीचा कागद हाती दिल्यावरच सुरू होते. हा हिशेब वेळीच कसा मांडावा आणि घरातील लहानथोरांना त्याची गोडी कशी लावावी, याविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या बालपणीचे घर डोळ्यांपुढे आणावे. पहाटे जात्याची घरघर ऐकू येई. पाणी आडावरून आणावे लागे. पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, धुण्याचा दगड यांस दिवसभर विसावा नसे. पुरुषमंडळी कचेरीस पायी अथवा सायकलीवरून जात, आणि मुले शाळेच्या वाटेवर दोन-दोन मैल सहज तुडवीत. तो काळ सोन्याचा होता असे आमचे म्हणणे नाही. त्या कष्टांनी कित्येक माउल्यांच्या कंबरा वाकल्या. यंत्रांनी त्यांची सुटका केली, हे उत्तमच झाले. परंतु देहाच्या खर्चाची बाजू अशी आटली असता जमेची बाजू तशीच राहिली, किंबहुना फुगली. पुरणपोळीवरील तुपाची धार पूर्वीचीच आहे. दळणाऱ्या हाताचे श्रम मात्र गेले आहेत. शिवाय पूर्वी सणाला होणारे पक्वान्न आता कोणत्याही वारी दुकानातून डबाबंद घरी येते.

हा विचार पश्चिमेकडून आला असे कोणी समजू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय याच विषयास वाहिलेला आहे. तेथे आठ प्रकारचे निंदित देह सांगून त्यांपैकी अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाच आचार्यांनी विस्ताराने परामर्श घेतला आहे. स्थूलतेची कारणे म्हणून अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थांचे नित्य सेवन, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांची गणना केली आहे. रविवारच्या भोजनोत्तर वामकुक्षीचा जो तीन-तीन तास विस्तार होतो, त्याचे यात यथार्थ वर्णन आहे. आणखी एक कारण तेथे दिले आहे, ते म्हणजे बीजस्वभाव, अर्थात आईबापांकडून आलेली प्रकृती. म्हणून स्थूल मनुष्यास आळशी अथवा अधाशी म्हणून हिणविणे हे शास्त्रासही धरून नाही. एकाच पंगतीत सारखेच जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाचे वजन वाढते आणि दुसऱ्याचे वाढत नाही, हे आपण नेहमी पाहतो. बीज आपल्या हाती नाही. पण अंथरुणातून केव्हा उठावे आणि पायांस किती चालवावे, हे आपल्या हाती आहे.

आता अर्वाचीन शास्त्र काय म्हणते ते पाहू. लंडन शहरातील दुमजली बसगाड्यांवर एक चालक आणि एक वाहक अशी जोडी असे. दोघांचा पगार, वस्ती, खाणेपिणे बहुतांशी एकाच थरातले. भेद एवढाच की चालक दिवसभर बसून राही आणि वाहक तिकिटे देत जिना चढे-उतरे. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी या कामगारांच्या हृदयविकाराची मोजदाद करून १९५३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा बैठ्या चालकांपेक्षा वाहकांत हृदयविकार स्पष्टपणे कमी आढळला. पुढे १९५६ साली त्यांनी या लोकांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचे कंबरेचे माप वाहकांपेक्षा मोठे निघाले. वाहकांस हृदयविकार कमी, याचे श्रेय सडपातळ देहाचे की जिन्याच्या पायऱ्यांचे, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला. आणि त्यानंतरच्या संशोधनाने वजनाचा आणि हालचालीचा असा दोहोंचाही वाटा आहे, असे दाखवून दिले. स्वतः मॉरिस नव्याण्णव वर्षे जगून २००९ साली वारले.

कोणी म्हणेल, आम्ही लंडनचे गाडीवान नव्हे, आणि आमच्या घरात लठ्ठ असे कोणीच नाही. त्यांनी पुण्याकडे पाहावे. तेथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, निर्देशांक २२.३. परंतु मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. अर्थात आपला देह वरून सडपातळ दिसला तरी आत मेद बाळगून असतो, स्नायू मात्र तोकडे असतात. आणि हा मेद विशेषेकरून पोटात साठतो. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाची मर्यादा थोडी खाली धरतात. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर २३ च्या आत असावे. २३ पासून वजन अधिक आणि २५ पासून स्थूलता समजावी. पाच फूट पाच इंच उंचीच्या मनुष्यास ही मर्यादा सुमारे साडेबासष्ट आणि अडुसष्ट किलोंवर येते. याहून सोपे माप शिवणाच्या डब्यातील फितीचे आहे. पोटाचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरांच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरांच्या आत असावा.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांस मधुमेह असून आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाची स्थूलता शेकडा जवळजवळ चाळीस प्रौढांत आढळली. एकत्र कुटुंबात याचा अर्थ काय होतो? कर्ता पुरुष पन्नाशीच्या आत अंथरुणास खिळला, अथवा जिच्या हाती घराच्या किल्ल्या आहेत त्या गृहिणीची दृष्टी मधुमेहाने मंदावली, तर मुलांचे शिक्षण, वृद्धांची शुश्रूषा, साऱ्या घराची घडीच विस्कटते. स्वतःच्या देहाची हेळसांड हा आपला खाजगी प्रश्न आहे, असे दहा माणसांत राहणाऱ्यास म्हणता येणार नाही.

परंतु याच उंबरठ्यावरून परत फिरता येते, ही आनंदाची वार्ता आहे. मधुमेहाच्या सीमेवरील लोकांवर चेन्नई येथे झालेल्या प्रयोगाचे फळ २००६ साली जाहीर झाले. नुसता सल्ला देऊन सोडलेल्यांपैकी तीन वर्षांत शेकडा ५५ जणांस मधुमेह जडला. ज्यांच्या आहारात व चालण्यात पद्धतशीर सुधारणा घडविली, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ वर आले. वजनात मोठी घट न होताही हा लाभ झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. काट्यावरचा आकडा हलला नाही म्हणून महिन्याभरात व्यायाम टाकून देणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे.

व्यायामाचा विषय निघाला की काही ठरावीक आक्षेप पुढे येतात. पहिला, ‘आता आमचे वय झाले.’ १९९० साली बॉस्टन येथे नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करविला, तेव्हा त्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक वाढले. वय वाढते तसतसे स्नायू झिजत जातात. म्हणून वय हे व्यायाम टाळण्याचे नव्हे, तो करण्याचेच कारण होय. दुसरा, ‘वेळ मिळत नाही.’ जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास पुरे. भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढे आपण रोज किती वेळ घालवितो, याचा हिशेब तो यंत्रच देते, तो एकदा पाहावा. तिसरा, ‘घरकाम हाच आमचा व्यायाम.’ केर काढणे, धुणे वाळत घालणे यांचा उपयोग निश्चित आहे. परंतु स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून पाय दुखतात, श्वास मात्र वाढत नाही. दमणे निराळे आणि व्यायाम निराळा. खरी गोष्ट अशी की घरातील सुनेस सकाळी अर्धा तास मोकळा मिळावा, अशी सोयच आपण करीत नाही. मुलगा व्यायामशाळेस निघाला तर कौतुक होते, सून फिरावयास निघाली तर ‘चहा कोण करणार’ असा प्रश्न येतो. ज्या घरात हा प्रश्न येतो, तेथे सासऱ्यांनी अथवा दिरांनी एक वेळचा चहा करावा. तोही त्यांच्या जमाखर्चात हिताचाच ठरेल.

व्यायामाची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास नवे रूप दिले. महाविद्यालयातील पहिले वर्ष लोकमान्य टिळकांनी पुस्तकांपेक्षा शरीर कमाविण्यात घालविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली स्थापन झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. असा वारसा असता आपल्या शाळांत परीक्षा जवळ आली म्हणजे पहिली गदा व्यायामाच्या तासावरच येते. अध्यापनाच्या दीर्घ काळात हा प्रकार आम्ही वर्षानुवर्षे पाहिला, आणि गणिताच्या जादा तासात पेंगणारी मुलेही पाहिली.

व्यायाम किती करावा, याचे उत्तर सुश्रुत आणि वाग्भट यांनी एकमुखाने दिले आहे : आपल्या शक्तीच्या निम्म्याने. कपाळावर घाम यावा, श्वास वाढून तोंडाने घ्यावासा वाटावा, की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे. आजचे वैद्यही तेच निराळ्या शब्दांत सांगतात. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, हा मध्यम श्रम होय. प्रारंभी दहा मिनिटे चालावे, दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावी. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम असावा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा-पंधरा वेळा उठणे-बसणे हीदेखील वृद्धांसाठी उत्तम बैठक आहे. सूर्यनमस्कार दोन-चारांपासून आरंभावेत. छातीत दुखणे, चक्कर, गुडघ्यांचा विकार, गर्भावस्था असेल तर आधी डॉक्टरांचा विचार घ्यावा. आणि भोजनोत्तर शतपावलीची जुनी चाल मोडू देऊ नये. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातील साखरेची उसळी कमी राहते, असे आता मोजून सिद्ध झाले आहे.

तथापि केवळ चालण्याच्या भरवशावर ताटाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे उत्पन्नाच्या आशेवर कर्ज काढणे होय. अर्धा तास झपाट्याने चालले असता सुमारे सव्वाशे-दीडशे उष्मांक खर्ची पडतात. तूप घालून खाल्लेली एक मोठी पुरणपोळी ते एका बैठकीत भरून काढते आणि वर शिल्लक ठेवते. तुपाच्या लहान चमच्यात सुमारे ४५ उष्मांक असतात. गरजेहून असा एकच चमचा रोज अधिक झाला तर कागदावरील हिशेबाने वर्षाकाठी दोन किलो चरबी होते. प्रत्यक्षात देह थोडे जुळवून घेतो, पण दिशा तीच राहते. आम्ही तूप वर्ज्य करा म्हणत नाही. मोदकावर ते हवेच. पण संकष्टीचा मोदक संकष्टीसच असावा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याचे लाडू यांनी एरव्हीपेक्षा अधिक जेवण होते, त्यास उपवास म्हणावे की कसे, हे वाचकांनीच ठरवावे. नित्याच्या ताटात भात-पोळी थोडी कमी, वरण-उसळ, कोशिंबीर आणि पालेभाजी थोडी अधिक, आणि ताकाची वाटी, इतका पालट पुष्कळ आहे. आणि पंगतीत आग्रह करणाऱ्याने एकदा ‘नको’ ऐकून थांबावे. प्रेम दाखविण्यास दुसरेही मार्ग आहेत.

शेवटी मन वळविण्याविषयी. टोमणे मारून आजवर कोणाचे पोट उतरले नाही. विशेषतः वाढत्या वयाच्या मुलींस वजनावरून चिडविण्याने त्या अन्न टाकतात, अथवा चोरून खातात, आणि दोन्ही परी हानीच होते. उपदेशापेक्षा सोबत अधिक काम करते. आजोबांनी नातवास हाताशी धरून संध्याकाळी फिरावयास न्यावे. नातू आजोबांना पळवील, आजोबा नातवास झाडांची नावे सांगतील. जावाजावांनी मिळून पहाटे निघावे. घरातील वडील माणसाने सर्वांदेखत चार नमस्कार घातले तर पाचवा धाकट्यास सांगावा लागत नाही. वर्षातून चार वेळा, पाडव्यास, गुरुपौर्णिमेस, दसऱ्यास आणि संक्रांतीस, सर्वांच्या पोटाचा घेर मोजून जमाखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा. आकडा कमी झाल्यास गूळ वाटू नये, इतकेच पथ्य. त्या पानावरची शिल्लक जितकी घटेल, तितकी घराची खरी संपत्ती वाढेल. सुज्ञ वाचकांनी हे पान उद्याच उघडावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.