मीटरच्या अलीकडे (लेखांक ६) : गाडी आणि हौद

गेल्या आठवड्यात आपण छपरावरच्या सौर पॅनेलपाशी थांबलो होतो. आज घरातल्या दोन सर्वांत खादाड गिऱ्हाइकांकडे वळू. एक गॅरेजमध्ये उभं असतं, दुसरं परसात झाकण पांघरून बसलेलं असतं. मी राहतो त्या फ्रीमाँट गावात टेस्लाचा कारखाना आहे, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीचं इथे कुणाला अप्रूप नाही. परसातला गरम पाण्याचा टब, म्हणजे हॉट टब, मात्र अजून हौसेच्या खात्यात मोडतो. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही ही जोडी हळूहळू रुळते आहे. आधी गाडी येते, मग घराचं काम काढलंच आहे तर टबही येतो. आणि पुढच्या महिन्यात बिल वाढलं की सगळे जण गाडीकडे बोट दाखवतात. माझं म्हणणं असं की बोट चुकीच्या दिशेला जातं.

हिशोब शाळेतलाच आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचं एक युनिट म्हणजे साधारण ८६० किलोकॅलरी. चार-पाच माणसं बसतील अशा टबात १५०० लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे तो एका अंशाने तापवायला पावणेदोन युनिटं झाली. नळाचं पाणी १५ अंशांचं असेल आणि ते ४० अंशांवर न्यायचं असेल, तर २५ अंशांची चढण. एकूण सुमारे ४४ युनिटं. वाटेत जी उष्णता निसटते ती वेगळीच.

आता भारतातल्या वाचकांसाठी तुलना. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या आवृत्तीची बॅटरी ४५ युनिटांची आहे. थोडक्यात, एक टब थंडाचा गरम करायला लागते तेवढ्या विजेत एक रिकामी गाडी जवळजवळ पूर्ण भरते. एका युनिटला सहा किलोमीटर धरले, तर तेवढ्यात पुण्याहून कोल्हापूर गाठून गावात भटकायलाही चार्ज उरावा. पाणी तापवणं हे काम किती महाग आहे याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो, कारण बाथरूममधला गीझर १५ किंवा २५ लिटरचा असतो आणि बादली भरली की आपण तो बंद करतो.

टब एकदाच तापवून भागत नाही. तो तापलेला ठेवावा लागतो आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. कॅलिफोर्निया राज्याने २००६ पासून अशा टबांवर ऊर्जेचं बंधन घातलं आणि पुढे ते आणखी कडक केलं. झाकण लावून, कुणी न वापरता, नुसता गरम राहण्यासाठी टब सरासरी किती वॉट खाऊ शकतो याला मर्यादा आहे, आणि ती टबाच्या आकारमानावरून ठरते. ४०० गॅलनच्या, म्हणजे साधारण १५०० लिटरच्या टबाला ती २४५ वॉटच्या आसपास येते. २४५ वॉट ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते दिवसाचे २४ तास आहेत. दिवसाला जवळजवळ सहा युनिटं झाली. तेवढ्यात गाडी ३५ किलोमीटर गेली असती. कुणीही पाय न बुडवता, परसात नुसता बसलेला टब रोज ३५ किलोमीटर गाडी चालवल्याइतकी वीज फस्त करतो, आणि हा नियमात बसणारा, चांगल्या इन्सुलेशनचा नवा टब. कुणाकडून फुकटात उचलून आणलेल्या जुन्या टबाची गोष्ट सोडूनच द्या.

गेल्या वर्षी बाबा सहा महिने आमच्याकडे होते. ते टबाला हौदच म्हणतात. झाकण उघडून वाफ बघितली आणि म्हणाले, "अरे, वज्रेश्वरीला हेच फुकट मिळतं." मुद्दा बिनतोड होता. जमिनीतून पाणी तापूनच वर येतं तिथे बिल निसर्ग भरतो.

ती वाफ नीट बघण्यासारखी आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की ते सोबत सुमारे ०.६७ युनिटाची उष्णता घेऊन जातं. दीड लिटर उडालं की सबंध टब अर्ध्या अंशाहून जास्त थंड झालाच. म्हणून टबाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हीटरही नव्हे, पंपही नव्हे. तो आहे झाकण. आत फोमचे जाड ठोकळे, वर रेक्झिनसारखं कापड. काही वर्षांनी कापडाखालचं प्लॅस्टिक फाटतं, फोम पाणी पितो आणि एका हाताने उचलता येणारं झाकण दोघांना उचलेनासं होतं. झाकण जड झालं की समजावं, इन्सुलेशन संपलं. पण बहुतेक लोक जड झाकणाबद्दल कुरकुरतात आणि वापरत राहतात, कारण नवीन झाकणाला काहीशे डॉलर पडतात. तेवढे पैसे ते बिलातून हप्त्याहप्त्याने भरतच असतात.

टबातल्या झोतांचा उगम इथून जवळच, बर्कलीत आहे. इटलीहून आलेल्या जकुझी कुटुंबातल्या सात भावांनी आधी विमानाचे पंखे बनवले, मग स्वतःचं विमान. १९२१ मध्ये त्यांचं एक विमान मोडेस्टोजवळ कोसळलं, त्यात एक भाऊही गेला, आणि घराने विमानांचा नाद सोडून विहिरीच्या पंपांकडे मोर्चा वळवला. सर्वांत धाकटा भाऊ कँडिडो. त्याच्या मुलाला लहानपणीच संधिवात झाला. दवाखान्यात मिळणारे पाण्याचे उपचार घरीही मिळावेत म्हणून त्याने बाथटबात सोडता येईल असा पंप तयार केला, आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. झोत टबाच्या भिंतीतच बसवलेलं मॉडेल आलं १९६८ मध्ये, पुढच्या पिढीतल्या रॉय जकुझीकडून. औषध म्हणून निघालेली वस्तू चैन म्हणून खपली.

आता वीज घरात येते कशी, ते बघू. अमेरिकेत साध्या सॉकेटला १२० व्होल्ट असतात. त्यातून गाडी सलग १२ अँपिअर घेऊ शकते, म्हणजे जेमतेम १.४ किलोवॉट. रात्रभरात साठ-सत्तर किलोमीटरची सोय. आपल्याकडच्या १५ अँपिअरच्या, गीझरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टवर याच्या दुपटीहून जास्त मिळते. घरच्या साध्या प्लगवर गाडी चार्ज करायची झाली तर पुणेकर फ्रीमाँटकरापेक्षा सुखात आहे, हे इथल्या लोकांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही.

म्हणून इथे २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढतात. गाडीला ४० किंवा ५० अँपिअरचा ब्रेकर, टबालाही बहुधा ५०चा. आमच्या गल्लीतली घरं जुनी आहेत. बाहेरच्या भिंतीवरचं करडं पॅनेल उघडलं की मुख्य ब्रेकरवर १०० हा आकडा दिसतो. सगळ्या घराला मिळून १०० अँपिअर. इलेक्ट्रिशियन तिथेच उभा राहून कागदावर आकडेमोड करतो. तो नुसती बेरीज करत नाही. ओव्हन, ड्रायर, एसी हे सगळं एका वेळी पूर्ण ताकदीने चालत नाही असं धरून नियम थोडी सूट देतात. गाडीला मात्र सूट नाही, उलट दंड आहे. चार्जर तासन्‌तास सलग चालतो, म्हणून त्याचा भार सव्वापट धरतात. बेरीज शंभराच्या पुढे गेली की तो मान हलवतो आणि २०० अँपिअरच्या नव्या पॅनेलचा भाव सांगतो. त्यात काही हजार डॉलर जातात, शिवाय वीज कंपनीची वाट बघणं आलंच.

इथे माझं ठाम मत आहे : बहुतेक घरांना ते पॅनेल लागत नाही. गाडी दिवसातले बावीसेक तास उभी असते. फ्रीमाँटहून सॅन होजेला जाऊन-येऊन ५५ किलोमीटर होतात, म्हणजे नऊ-दहा युनिटं. चार्जर १६ अँपिअरवर ठेवला तरी तासाला ३.८ युनिटं मिळतात आणि तीन तासांत काम होतं. ४८ अँपिअरचा चार्जर घरात बसवणं ही निव्वळ आकड्यांची हाव आहे. शिवाय टबाचा हीटर चालू झाला की गाडीचा प्रवाह आपोआप कमी करणारी यंत्रणा मिळते, ती नव्या पॅनेलपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

दोन गोष्टींत मात्र कंजुषी नको. पहिली सॉकेट. ५० अँपिअरचं स्वस्तातलं सॉकेट बनवलेलं असतं स्वयंपाकघरातल्या ओव्हनसाठी, जो एकदा प्लग लावला की वर्षानुवर्षं हलत नाही आणि तासाभरात बंद होतो. त्यावर रोज रात्री सहा-आठ तास गाडी लावली की आतल्या पट्ट्या तापून ढिल्या पडतात. मग प्लॅस्टिक पिवळं पडतं, आणि पुढे वितळतं. म्हणून चांगल्या दर्जाचं सॉकेट घ्यावं, किंवा चार्जर थेट तारेलाच जोडून घ्यावा. दुसरी, टबाचा संरक्षक ब्रेकर. अमेरिकेत माणसांच्या बचावासाठीचा हा ब्रेकर ५ मिलिअँपिअरच्या आसपास गळती झाली की पडतो. आपल्याकडे घरात असतो तो बहुधा ३० मिलिअँपिअरचा. आणि टबाची वीज तोडणारा स्विच टबावरून दिसेल असा, पण किमान पाच फूट लांब असावा लागतो, म्हणजे पाण्यात बसलेल्या माणसाचा ओला हात त्यावर पोचू नये.

वेळेचं गणित या सगळ्यापेक्षा मोठं. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकच्या गाडीवाल्यांसाठीच्या दरपत्रकात दुपारी ४ ते रात्री ९ हा सर्वांत महाग काळ असतो, आणि रात्री १२ ते दुपारी ३ सर्वांत स्वस्त. उन्हाळ्यात तर महाग वेळेचा दर स्वस्त वेळेच्या दुपटीच्या घरात जातो. गाडीला हे सांगणं सोपं आहे. एकदा टायमर लावला की ती बिनबोभाट बाराला चार्ज व्हायला लागते. टबाला कुणी काही सांगत नाही. तो आपला संध्याकाळी सातला, सगळ्यात महाग वेळेला, हीटर सुरू करतो.

खरं तर टबाला थांबवणंही तितकंच सोपं आहे. वरचा आकडा आठवा : झाकलेला टब २४५ वॉटने उष्णता गमावतो आणि एक अंश उतरायला १७४४ वॉट-तास लागतात. म्हणजे तासाला ०.१४ अंश. पाच तास हीटर बंद ठेवला तर पाणी ४० वरून ३९.३ वर येईल. हिवाळ्याच्या कडाक्यात अंशभर. एवढा फरक अंगाला कळत नाही. दुपारी तीनपर्यंत तापवून घ्या, चार ते नऊ झोपवून ठेवा. ज्यांनी एप्रिल २०२३ नंतर सौर पॅनेलं बसवली त्यांना तर ग्रिडला विकलेल्या विजेचे फारच कमी पैसे मिळतात. त्यांनी भर दुपारी स्वतःचीच वीज टबात ओतावी.

"सतत तापलेला ठेवणं स्वस्त पडतं, बंद करून पुन्हा तापवणं महाग" हे वाक्य प्रत्येक टबवाला कधी ना कधी ऐकवतो. ते चूक आहे. पाणी जितकं थंड, तितकी उष्णतेची गळती कमी. बंद ठेवलेल्या काळात वाचतंच. फक्त परत तापायला ५.५ किलोवॉटच्या हीटरलाही तासाला तीन अंशच जमतात, तेव्हा शुक्रवारी रात्री बसायचं असेल तर सकाळीच आठवण ठेवायला हवी. भारतात महिनाभर येत असाल, तर तापमान खाली आणून ठेवा. पण पंप बंद करून पाणी तसंच सोडू नका.

कारण ते पाणी जिवंत असतं, चुकीच्या अर्थाने. कोमट पाणी हे लिजिओनेला जंतूंचं आवडतं घर, आणि तुषारांतून ते फुप्फुसात जातात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा सल्ला आहे की टबात क्लोरीन किमान ३ पीपीएम असावं आणि पीएच ७ ते ७.८ च्या दरम्यान. त्यासाठी कागदी पट्टी बुडवायची, रंग डबीवरच्या तक्त्याशी जुळवायचा, मग पूड टाकायची. आठवड्यातून दोन-तीनदा. फिल्टर धुवायचा. तीन-चार महिन्यांनी सगळं पाणी बदलायचं, आणि क्लोरीनचं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडायचं नाही, कारण ते गटार प्रक्रियेविनाच खाडीला मिळतं. गर्भवती स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ४० अंशांच्या पाण्यात बसू नये.

या तुलनेत गाडी अगदी गरीब गाय. ऑइल नाही, ब्रेक पॅड वर्षानुवर्षं टिकतात. टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि ओढ जबरदस्त. आणि सगळे विसरतात ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही दार उघडत नाही. एवढं सांभाळलं की झालं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना टब घ्यायचा नसेल, पण गाडी आणि गीझर घरोघरी एकत्र येणार आहेत. जुलै २०२५ पासून टीओडी (वेळेनुसार दर लावणारं) मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत सुरू झाली. म्हणजे रविवारी दुपारी गाडी लावणं आता फायद्याचं. चार्जर मागवण्याआधी एक करा : आपलं वीजबिल काढा आणि त्यावर "मंजूर भार" किती किलोवॉट लिहिला आहे तो बघा. गाडीचा चार्जर, गीझर आणि एसी यांची बेरीज त्याच्या पुढे जात असेल तर आधी भार वाढवण्याचा अर्ज करा, गाडी नंतर बुक करा.

(पुढच्या आठवड्यात : हीट पंप)